रॅमची पट्टी हातात घेतल्यावर: संगणकाची मेमरी ओळखायची कशी

"माझ्या लॅपटॉपला ५१२ जीबी मेमरी आहे, तरी चार खिडक्या उघडल्या की तो अडकतो. असं का?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तराआधी मी एकच विचारतो: हे ५१२ रॅमचे की डिस्कचे? बहुतेक जण तिथेच थबकतात. त्यात त्यांचा दोष नाही. 'मेमरी' या एका शब्दाखाली आपण निदान चार वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय कुठली वाढवायची, कुठली बदलता येते आणि कुठल्या मशीनला काय बसेल, हे कळणार नाही.

हा लेख संगणकाचं झाकण कधीच न उघडलेल्यांसाठी आहे. आकडे पाठ करायची गरज नाही. पट्टी समोर ठेवून बघायला शिकलं की बाकीचं जमतं.

पायरी १: आपण कुठल्या मेमरीबद्दल बोलतोय?

डिस्क ही साठवणीची जागा. फोटो, फायली, विंडोज, सगळं तिथे राहतं आणि वीज गेली तरी टिकतं. रॅम ही कामाची जागा. जे आत्ता उघडलेलं आहे तेवढंच तिथे असतं. कपाट आणि टेबल, असं म्हणा. कपाट कितीही मोठं असलं तरी टेबल वीतभर असेल तर एका वेळी चार वह्या उघडता येत नाहीत. वरच्या प्रश्नातला लॅपटॉप अडकत होता तो म्हणूनच: कपाट ५१२ जीबीचं, टेबल ४ जीबीचं.

वीज गेल्यावर रॅम का पुसली जाते, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. रॅमच्या चिपमधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये भार असला तर १, नसला तर ०. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचं पेटंट १९६८ चं. अडचण अशी की तो कपॅसिटर गळका असतो. भार आपोआप निघून जातो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळात तुमच्या मशीनमधली रॅम कितीतरी वेळा स्वतःला ताजी करून घेतेय. वीज तुटली की भरणं थांबतं आणि सगळं विरून जातं. अशा रॅमला 'डीरॅम' म्हणतात, त्यातला 'डायनॅमिक' हा शब्द याच धडपडीमुळे आला.

तिसरी वस्तू कॅश. ती प्रोसेसरच्या आतच असते. तिच्या प्रत्येक बिटाला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, म्हणून ती वेगवान, महाग आणि थोडकी. ती बदलता येत नाही, वेगळी विकतही मिळत नाही, तेव्हा तिला इथेच सोडू. चौथी म्हणजे मदरबोर्डवरची (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डवरची) बायोसची छोटी फ्लॅश चिप, जी मशीन सुरू होताना पहिल्या सूचना देते. तिलाही हात लावायचं कारण नाही. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर२०३२, घड्याळ चालू ठेवण्यासाठी आणि बायोसमधली काही सेटिंग्ज जपण्यासाठी असतो.

आकड्यावरून पटकन ओळखायचं तर ४, ८, १६, ३२ जीबी असं लिहिलं असेल तेव्हा बोलणं रॅमचं असतं; २५६, ५१२ जीबी किंवा १ टीबी असेल तर डिस्कचं. फोनवर '८ + १२८' लिहितात, त्यातला पहिला आकडा रॅमचा. फोनच्या जाहिरातीत रॅमला जोडून आणखी ८ जीबी 'व्हर्च्युअल रॅम' दिसली तर ती रॅम नव्हे. तो साठवणीचाच एक कोपरा रॅमसारखा वापरलेला असतो आणि खऱ्या रॅमच्या वेगाच्या जवळपासही जात नाही. ते दोन आकडे एकत्र छापणं मला मनापासून खटकतं, कारण त्यात फसतो तो नवखाच.

पायरी २: झाकण उघडण्याआधी मशीनलाच विचारा

विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी'. एकूण रॅम, वेग, किती स्लॉट (पट्टी बसवायच्या जागा) भरलेत आणि 'फॉर्म फॅक्टर', एवढं तिथे मिळतं. फॉर्म फॅक्टरसमोर 'डिम' असेल तर डेस्कटॉपची लांब पट्टी, 'सोडिम' असेल तर लॅपटॉपची आखूड. तिथे 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं तर रॅम बहुधा बोर्डवर थेट डाखलेली आहे, म्हणजे ती काढता येणार नाही. पातळ लॅपटॉप उघडायच्या आधी हे नक्की बघा.

डीडीआर कितवी, म्हणजे रॅम कुठल्या पिढीची, हे कळायला सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सोपं पडतं. त्याच्या 'मेमरी' पानावर पिढी दिसते आणि 'एसपीडी' पानावर स्लॉटनिहाय पट्टीची माहिती. एसपीडी म्हणजे पट्टीवरच बसवलेली एक बारकी चिप, पट्टीचं ओळखपत्रच. मशीन सुरू होताना बायोस ते वाचतं आणि त्यावरून वेग ठरवतं. लिनक्सवाल्यांना हीच माहिती डीएमआयडीकोड या आज्ञेने मिळते, फक्त ती प्रशासकाच्या अधिकारात चालवावी लागते. विंडोजच्या पॉवरशेलमधून मेमरीची माहिती मागवली तर 'एसएमबायोस मेमरी टाइप' या नावासमोर नुसता एक आकडा येतो. २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५. तिथे ३० किंवा ३५ दिसलं तर अनुक्रमे एलपीडीडीआर४ आणि एलपीडीडीआर५, म्हणजे कमी वीज खाणारे प्रकार.

इथे एक घोळ हमखास होतो. टास्क मॅनेजर ३२०० दाखवतो आणि सीपीयू-झेड १६००. पट्टी खोटी निघाली असं वाटून माणूस घाबरतो. पट्टी बरोबर असते. डीडीआर म्हणजे 'डबल डेटा रेट': घड्याळाचा ठोका वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, असा डेटा दोनदा पाठवला जातो. सीपीयू-झेड ठोके मोजतो, टास्क मॅनेजर फेऱ्या मोजतो. ठोके १६०० तर फेऱ्या ३२००. म्हणून ३२०० ला 'मेगाहर्ट्झ' म्हणायची सवय पडली असली तरी नेमका शब्द 'मेगाट्रान्सफर' असा आहे.

आणखी एक शंका: ८ जीबी रॅम असून 'वापरण्याजोगी' रॅम त्याहून कमी का? प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने आपला वाटा आधीच काढून घेतलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये तो 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसतो. विंडोज ३२ बिटचं असेल तर गोष्ट वेगळी. घरगुती ३२ बिट आवृत्त्या ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाहीत. तिथे आणखी पट्टी घालण्याआधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल.

पायरी ३: उघडताना

मशीन बंद करा. नुसतं झोपवून ठेवू नका, पूर्ण बंद. डेस्कटॉपची वायर काढा आणि मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरी सुटी होत असेल तर तीही. ती आत असेल तर झाकण उघडल्याबरोबर पहिल्यांदा तिचा कनेक्टर सोडवा. अंगावरची स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. रेशमी किंवा लोकरी कपडे घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नका. पट्टी कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही.

पायरी ४: खाच बघा

आता पट्टी हातात आहे. सोनेरी दातांची कड खाली करून समोर धरा. त्या ओळीत एक छोटी खाच दिसेल. ती मुद्दाम तिथे ठेवलेली आहे. प्रत्येक पिढीत खाचेची जागा बदलली, ती चुकीच्या स्लॉटमध्ये पट्टी बसूच नये म्हणून. स्टिकर निघालेला असो, बदललेला असो, खाच पिढी सांगते.

डेस्कटॉपच्या सगळ्या डीडीआर पट्ट्या साधारण १३३ मिलिमीटर लांब असतात, तेव्हा लांबीवरून काही कळत नाही. पिढ्या अशा:

- एसडीरॅम (डीडीआरच्या आधीची): १६८ पिना, ३.३ व्होल्ट. हिला दोन खाचा. दोन दिसल्या की प्रश्न मिटला.
- डीडीआर: प्रमाण २००० सालचं, १८४ पिना, २.५ व्होल्ट. एक खाच.
- डीडीआर२: २००३, २४० पिना, १.८ व्होल्ट.
- डीडीआर३: २००७, पुन्हा २४० पिना, पण १.५ व्होल्ट. खाच मधोमधपासून बरीच एका बाजूला सरकलेली.
- डीडीआर४: २०१२, २८८ पिना, १.२ व्होल्ट.
- डीडीआर५: २०२०, २८८ पिना, १.१ व्होल्ट. खाच डीडीआर४ पेक्षा मधोमधच्या जवळ.

ही प्रमाणं जेडेक ही संस्था ठरवते, म्हणून कंपनी कुठलीही असली तरी खाच एकाच जागी सापडते.

पिना मोजत बसू नका, डोळे शिणतील. त्यापेक्षा या खुणा कामाला येतात. पहिल्या डीडीआरच्या चिपांना दोन्ही बाजूंनी बारीक पाय फुटलेले दिसतात. डीडीआर२ पासून पाय दिसेनासे झाले, कारण जोड चिपेच्या पोटाखाली गेले. डीडीआर४ ची खालची कड सरळ नसते. टेबलावर उभी धरून बघा, मधले दात जरा खाली उतरलेले आणि टोकांकडे कड किंचित वर गेलेली दिसेल. बसवताना सगळे दात एकदम न घुसता हळूहळू घुसावेत, कमी जोर लागावा, यासाठी ती वळणदार ठेवली आहे. डीडीआर५ वर मोठ्या चिपांच्या मध्ये वीज नियंत्रण करणाऱ्या चिपेचा आणि तिच्याभोवतीच्या बारक्या भागांचा पुंजका दिसतो. आधीच्या पिढ्यांत हे काम मदरबोर्ड करायचा.

वर धातूचं कवच असेल तर चिपा दिसणार नाहीत. कवच उपटू नका, त्याच्या गोंदाबरोबर चिपाही निघून येतात. खाच आणि स्टिकर पुरेसे आहेत.

लॅपटॉपच्या पट्ट्या निम्म्या लांबीच्या. डीडीआर आणि डीडीआर२ ला २०० पिना, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. डीडीआर३ ची खाच एका बाजूला, डीडीआर४ ची मध्याकडे सरकलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो, डीडीआर४ ची पट्टी दोनेक मिलिमीटर लांबही आहे. मात्र पहिल्या दोन पिढ्यांच्या खाचा इतक्या जवळ आहेत की तिथे स्टिकरच वाचावं लागतं.

पट्टी सापडलीच नाही तर? मग ती बोर्डवर डाखलेली एलपीडीडीआर असणार. फोनमध्ये आणि बहुतेक पातळ लॅपटॉपांत हीच असते. ॲपलच्या एम मालिकेच्या मशीनमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली आहे. अशा मशीनला रॅम नंतर वाढवता येत नाही. जेवढी लागेल असं वाटतं त्याहून एक पायरी जास्त, ती घेतानाच घ्या. हा सल्ला मी कुणालाही डोळे मिटून देतो. अलीकडे एलपीडीडीआरच स्क्रूने बसवायच्या चपट्या तुकड्यावरही येऊ लागली आहे, तिला एलपीकॅम२ म्हणतात. ती अजून मोजक्याच मशीनमध्ये दिसते.

पायरी ५: स्टिकर वाचा

खाच पिढी सांगते, त्यापुढचं काही सांगत नाही. ते स्टिकरवर असतं. एका लॅपटॉपच्या पट्टीवरची ओळ घेऊ. स्टिकरवर ती रोमन अक्षरांत असते, इथे आपल्या लिपीत लिहितो:

८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एसए२-११

डावीकडून सुरुवात करा. '८जीबी' म्हणजे क्षमता. '१आर' म्हणजे एक रँक, प्रोसेसर एका वेळी ज्यांच्याशी बोलतो अशा चिपांचा एक गट. 'एक्स८' म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट रुंद. डेटाचा रस्ता ६४ बिटांचा, ६४ भागिले ८ म्हणजे ८. आता पट्टीवरच्या मोठ्या चिपा मोजा, आठ भरतील. हा हिशेब जुळला की स्टिकर त्याच पट्टीचं आहे असा बराच भरवसा येतो. '१आरएक्स१६' लिहिलं असेल तर चारच चिपा दिसल्या पाहिजेत, '२आरएक्स८' असेल तर सोळा.

'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '३२००' हा वेग. 'एए' ही टायमिंगची श्रेणी. त्यानंतरचं 'एस' फार महत्त्वाचं, ते सोडिम म्हणजे लॅपटॉपची पट्टी सांगतं. इथे 'यू' असतं तर डेस्कटॉपची साधी, 'ई' असतं तर चूक सुधारणारी साधी, 'आर' असतं तर सर्व्हरची रजिस्टर्ड. 'ए२' हा छापील पट्टीच्या आराखड्याचा क्रमांक आणि '११' ही एसपीडीची आवृत्ती. शेवटच्या या दोन गोष्टींकडे आपण बघायची गरज नाही.

जुन्या पट्टीवर 'पीसी३-१२८००' असा मोठा आकडा दिसेल. तो फेऱ्यांचा आकडा नव्हे, सेकंदाला किती मेगाबाइट जाऊ शकतात त्याचा आहे. आठाने भागा: १२८०० भागिले ८ म्हणजे १६००, म्हणजेच डीडीआर३-१६००. 'पीसी४-२५६००' ही तशीच डीडीआर४-३२०० निघते आणि 'पीसी५-३८४००' ही डीडीआर५-४८००. एकाच पट्टीला दोन नावं आहेत, एवढंच.

आता एक अक्षर असं, ज्याच्यापुढे खाच हतबल आहे. 'पीसी३' आणि 'पीसी३एल'. दोन्ही डीडीआर३, दोन्हींची खाच एकाच जागी, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. 'एल'वाली पट्टी सहसा दोन्ही व्होल्टवर चालते. 'एल' नसलेली पट्टी फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असाच लॅपटॉप आणून दाखवला होता. पट्टी नवी, अगदी व्यवस्थित बसलेली, क्लिप लागलेल्या, आणि पडदा काळा. तिने दोन दिवस पट्टी काढून घालून बघितली होती. विकणाऱ्याने "डीडीआर३ आहे, बसेल" एवढंच सांगितलं होतं. बसली होती, हे खरंच. स्टिकरवर 'एल' नव्हता. जुनी पट्टी परत लावली आणि लॅपटॉप सुरू झाला.

पायरी ६: आठ चिपा की नऊ?

पट्टीच्या एका बाजूला एकसारख्या आठ चिपांऐवजी नऊ दिसल्या, तर ती ईसीसी पट्टी असण्याची दाट शक्यता. नवव्या चिपेत पडताळणीचे बिट असतात. त्यांच्या जोरावर एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो आणि दोन चुकले तर निदान कळतं. सर्व्हरमध्ये आणि जिथे हिशेब चुकून चालत नाही तिथे ती वापरतात. नऊ चिपांखेरीज पट्टीच्या मध्यावर एक वेगळ्या आकाराची आडवी चिप असेल तर ती रजिस्टर्ड. सर्व्हर मोडीत निघाले की अशा पट्ट्या स्वस्तात मिळतात आणि लोक त्या आनंदाने घरच्या डेस्कटॉपसाठी घेतात. डीडीआर४ ची रजिस्टर्ड पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते आणि मशीन सुरूच होत नाही. डीडीआर५ मध्ये मात्र रजिस्टर्ड आणि साध्या पट्टीच्या खाचाच वेगळ्या केल्या, त्यामुळे ही चूक आता होत नाही.

डीडीआर५ च्या जाहिरातीत 'ईसीसी आहे' असं वाचाल. प्रत्येक डीडीआर५ चिपेच्या पोटात स्वतःपुरती चूक सुधारण्याची सोय असते हे खरं, पण चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात झालेली चूक ती पकडत नाही. खरी ईसीसी पट्टी वेगळी असते, तिच्यावर जास्तीच्या चिपा असतात.

ग्राफिक्स कार्डावरची जीडीडीआर आणि मोठ्या गणनेच्या कार्डांवरची एचबीएम यांची नावं सारखी वाटतात म्हणून त्यांचा इथे उल्लेख. त्या कार्डाचाच भाग आहेत, सुट्या मिळत नाहीत.

पायरी ७: माझ्या मशीनला काय चालेल?

मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक शोधा आणि कंपनीच्या पानावर तीन गोष्टी बघा: पिढी, जास्तीत जास्त क्षमता आणि स्लॉट किती. नुसत्या प्रोसेसरच्या नावावर विसंबू नका. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात. कुठली लागेल ते मदरबोर्ड ठरवतो. एएमडीचं जरा सरळ आहे: एएम४ सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या जागेला) डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५.

वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही संथ पट्टीच्या वेगाने चालतात. त्यात धोका नाही, फक्त पैसे वाया. एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन, सारख्या, शक्यतो जोडीने विकलेल्या घ्या. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनलवर लागल्या की प्रोसेसरला दोन रस्त्यांनी डेटा मिळतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळ चालवणाऱ्यांना हा फरक डोळ्यांनी दिसतो.

पाकिटावर ६००० लिहिलं असताना मशीन ४८०० च दाखवत असेल तर पट्टी बदलायला धावू नका. वाढीव वेग बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. त्या सेटिंगला एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डांवर एक्सपो असं नाव असतं.

वेगाच्या आकड्यावर भाळण्याआधी 'सीएल' पण बघा. मागणी केल्यावर पहिलं उत्तर यायला किती ठोके लागतात, तो हा आकडा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतील. डीडीआर४-३२०० सीएल१६ चे १० येतात आणि डीडीआर५-६००० सीएल३० चेही बरोबर १०. नवी पिढी एका वेळी जास्त माल वाहून आणते, पण पहिलं पोतं दारात यायला लागणारा वेळ जवळपास तोच राहिलाय. म्हणून चांगली चालणारी १६ जीबी डीडीआर४ केवळ जुनी झाली म्हणून टाकून द्यावी असं मला वाटत नाही.

डिस्क ओळखायची असेल तर

तळहाताएवढा जड, चालू असताना हलका घर्र आवाज करणारा डबा म्हणजे हार्ड डिस्क. चपटा, हलका, आवाज नसलेला अडीच इंची डबा म्हणजे साटा एसएसडी: फिरते भाग नसलेली, साटा या जुन्या जोडणीवर चालणारी डिस्क. तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास अडतो. च्युइंग गमच्या पट्टीसारखी दिसते ती एम डॉट टू. तिच्यावरचा '२२८०' म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. फसगत होते ती इथेच, कारण एम डॉट टू हा नुसता आकार आहे. आत साटा जोडणी असू शकते किंवा कितीतरी वेगवान एनव्हीएमई. एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. 'बहुधा' म्हणतोय, कारण अपवाद आहेत; खात्री स्टिकरवरूनच करा आणि तुमचा स्लॉट कुठली चालवतो तेही बघा.

नवी ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, त्यात कुणी चोरी केलेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

पायरी ८: बसवा आणि तपासा

डेस्कटॉपवर स्लॉटच्या टोकाच्या क्लिप उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. 'टक्' आवाज येऊन क्लिप आपोआप बंद होते. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. लॅपटॉपची पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत आत सरकवायची, सोनेरी दात जवळपास दिसेनासे झाले की खाली दाबायची. पट्टी अडत असेल तर जोर लावू नका, काढून खाच पुन्हा बघा.

पहिल्यांदा सुरू करताना डीडीआर५ चं मशीन काही मिनिटं काळा पडदा दाखवत बसू शकतं. ते नव्या पट्टीशी सिग्नलची जुळवाजुळव करत असतं. या वेळात बटण दाबून बंद करू नका. मशीन तरीही सुरू झालं नाही तर वीज काढून एकच पट्टी लावून बघा, मग दुसरी, म्हणजे दोष पट्टीत की स्लॉटमध्ये ते कळेल. दात मळलेले वाटले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

सुरू झाल्यावर पुन्हा टास्क मॅनेजर उघडून एकूण रॅम आणि वेग बघा. मग मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा, निदान विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक तरी चालवा. सकाळी एक जरी चूक दाखवली तर ती पट्टी ठेवू नका. खराब रॅम फायली हळूहळू बिघडवते आणि ते लक्षात येईपर्यंत बॅकअपमध्येही बिघडलेल्या फायलीच गेलेल्या असतात.

काढलेली जुनी पट्टी नव्या पट्टीच्या स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत घाला आणि वर पिढी, क्षमता, वेग आणि डेस्कटॉपची की लॅपटॉपची, एवढं पेनाने लिहून ठेवा. नव्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो झाकण लावायच्या आधीच काढा. वर्षभराने आणखी रॅम घ्यावीशी वाटली तर स्क्रू ड्रायव्हर शोधावा लागणार नाही.